उजवीकडची बारीक भेग

आमच्या धनूच्या मोडलेल्या हातावर आठ दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारा, असा सल्ला तिच्या खेळाच्या सरांना मी दिला होता. त्याआधी हातोडीने हलकेच ठोकून बघा, असंही सांगितलं होतं. मी तिचा सख्खा बाप आहे.

(एवढं वाचून ज्यांनी माझ्याबद्दल मत बनवलं असेल, त्यांनी कृपया पुढेही वाचावं. पुढचं न ऐकताच मत बनवलेली माणसं खर्डा ते जामखेड रस्त्यावर मला आधीच भरपूर आहेत.)

खर्ड्यात माझं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. पण ते पोटासाठी. माझं खरं काम म्हणजे माइक. साखरपुडा असो, बारसं असो, कुणा गुरुजींची निवृत्ती असो, सूत्रसंचालन माझ्याकडे. एकदा माइक हातात आला की मला आवरणं अवघड, असं लोक म्हणतात. माइक नसला तरी अवघडच, असं माझी बायको मंगल म्हणते. माझ्यात दोष म्हणाल तर एकच. समोरच्याने दोन शब्द उच्चारले की त्याला काय म्हणायचंय ते मला कळतं, आणि त्याचे श्रम वाचावेत म्हणून त्याचं वाक्य मीच पुरं करून टाकतो. ही मी समाजसेवा समजत होतो.

त्या वर्षी आम्ही वरची खोली बांधायला काढली होती. बांधकाम गफूर मिस्त्रींकडे होतं. कामाचा माणूस, पण तोंडात कायम तंबाखूचा बार, त्यामुळे आवाज असा, की जणू माणूस रांजणात बसून बोलतोय. समोरच्या खांबाची त्यांना शंका येत होती. सकाळीच म्हणाले होते, कुठं भेग-बिग दिसली तर दुपारी फोन करतो.

आता धनू. सहावीत होती. अंगाने शेवग्याची शेंग, पण खो-खोच्या मैदानात उतरली की वावटळ. पळणाऱ्या पोरीच्या मागे ती असा काही सूर मारायची, की बघणाऱ्यानेच डोळे मिटून घ्यावेत. तालुक्याचे सामने आठ दिवसांवर आले होते. पोरगी गुडघ्याच्या पट्ट्या उशाशी घेऊन झोपत होती. शाळेत महिन्यापूर्वीच नवे खेळाचे सर आले होते. त्यांना भेटायला या, असं धनू मला महिनाभर सांगत होती, आणि मी महिनाभर जातोच म्हणत होतो. दिवसभर मैदानावर ओरडून ओरडून त्या सरांचा घसा पार बसलेला असे, हे मला फार उशिरा कळलं. थोडक्यात, तेही रांजणात बसलेले.

तर त्या दुपारी सराव चालू असताना पळणारी पोरगी खांबाला वळसा घालून निसटली, आणि तिच्यामागे सूर मारलेली आमची धनू थेट खांबावर गेली. पुढे हात, मागून सगळं अंग. सर आणि शाळेतल्या एक बाई तिला घेऊन जामखेडला हाडाच्या दवाखान्यात गेले. मंगलला निरोप गेला, ती मिळेल त्या जीपने निघाली. डॉक्टरांनी फोटो काढला. मनगटाच्या हाडाला भेग होती. आई अजून वाटेत होती, पोरगी कळवळत होती, तेव्हा सर म्हणाले, थांब, आधी तुझ्या पप्पांचा आवाज ऐकवतो, बरं वाटेल. आणि त्यांनी फोनचा स्पीकर चालू केला.

मी त्या वेळी एका साखरपुड्यात होतो. डोक्याला फेटा, अंगात जाकीट, एका हातात बिनवायरचा माइक. बाहेर बँडवाले वाजवून बघत होते. फोन वाजला, अनोळखी नंबर. (मिस्त्री नेहमी हाताखालच्या पोरांच्या फोनवरूनच बोलायचे.) पलीकडून 'हॅलो, मी' एवढं रांजणातून आलं आणि मला पुढचं सगळं समजलं.

"बोला मिस्त्री, तुमचीच वाट बघत हुतो."

त्यावर पलीकडचा माणूस काहीतरी म्हणाला, पण नेमकी तेव्हाच बँडवाल्याने पिपाणी फुंकली. मग ऐकू आलं ते इतकंच.

"खांबावर आपटलंय. भेग पडलीय. उजवीकडं."

"मोठी हाय का बारीक?"

"बारीक हाय म्हनतेत. पन प्लास्टर करावं लागंल."

"बारक्या भेगंला कशाला लगीच प्लास्टर? हातोडीनं ठोकून बघा जरा. पोकळ वाजलं तरच करा."



"ठोकून?"

"हळू ठोका. लई जोर नको, न्हाईतर सगळंच खाली यायचं."

मग तो माणूस अगदी हळू म्हणाला, "तुमी येताय ना?"

"मला न्हाई जमायचं आज. तुमचं तुमी उरका. आन् प्लास्टर केलंच, तर आठ दिस सकाळ-संध्याकाळ पानी मारा. अजिबात वाळू देऊ नका."

मी फोन ठेवला. मान वर केली तर सगळा मांडव माझ्याकडे बघत होता, कारण माइक चालूच होता. पण लोक मनाने चांगले. मुलाकडचे एक काका उठून आले आणि म्हणाले, तुमच्या प्लास्टरचा उपयोग होणार नाही, तो खांबच पाडून नवा घाला. त्यावर मुलीच्या मामांनी सांगितलं, पाडायची गरज नाही, नुसता टेकू द्या. मला दोघांचंही पटलं. त्यांचे मी माइकवरून आभार मानले.

वीस मिनिटांनी मंगलचा फोन आला. (या वेळी मी माइक बंद केला. अनुभवाने माणूस शहाणा होतो.) मी तिला म्हणालो, काळजी करू नको, मिस्त्रीचा फोन आला होता, मी सगळं सांगितलंय. ती एकेक शब्द सुटा करून म्हणाली,

"अहो, ते मिस्त्री न्हवते, पोरीचे सर हुते. खांब मैदानावरला. भेग धनूच्या हाताला पडलीय. फोन स्पीकरवर हुता, तिनं सगळं ऐकलंय."

पंधरा वर्षांच्या संसारात तिचं वाक्य मी पहिल्यांदाच पुरं ऐकलं असेल.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतं. नवरदेवाने अंगठी हातात धरली होती, सगळे माझ्या घोषणेची वाट बघत होते, आणि मी पायात कुणाच्या तरी चपला घालून गाडीला किक मारत होतो. वाटेत एका ओळखीच्या माणसाने हात करून विचारलं, वरात कुणाची? फेटा काढायला हवा, हे डोक्यात आलंच नाही. डोक्यात एकच घोळत होतं. मी ठोकायला सांगितलं. मी ठोकायला सांगितलं आणि तिने ते ऐकलं. आणि ऐकून तिला काय वाटलं असेल, हे वाक्य मात्र मला काही केल्या पुरं करता येईना.

दवाखान्यात माझी कीर्ती आधीच पोहोचली होती. बाकावर गुडघे धरून बसलेल्या एका आजीने मला फेट्यापासून चपलांपर्यंत न्याहाळलं आणि शेजारणीला सांगितलं, "ह्योच गं, ठोकून बघा म्हननारा." शेजारणीने आपलं नातवंड पदराखाली ओढून घेतलं. दारातच एक बसक्या आवाजाचे तरुण गृहस्थ उभे होते. मी आत शिरायला लागलो तसे ते आडवे आले. हेच ते सर. मी घडाघडा सांगू लागलो. बांधकाम, गफूरभाई, तंबाखू, पिपाणी, समोरचा खांब. ते सगळं ऐकून घेत होते आणि माझ्या तोंडाचा वास येतो का, ते बघत होते. मी हात जोडायला गेलो तर जाकिटाच्या खिशातून माइक बाहेर पडला. तो बघून त्यांचा माझ्यावरचा उरलासुरला विश्वासही उडाला.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. प्लास्टर झालंय. घरी गेल्यावर त्याला पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही. मी हो म्हणालो. ते दाराकडे निघाले, परत फिरले, आणि म्हणाले, थेंबही नाही. मग त्यांनी तेच मंगललाही सांगितलं आणि सरांकडूनही वदवून घेतलं.

आणि मग धनू दिसली. खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. कोपरापासून पंजापर्यंत पांढरंशुभ्र प्लास्टर, पुढे सुजलेली पाच बोटं. गालांवर मैदानातली माती, त्या मातीत पाण्याचे दोन सुकलेले ओघळ. प्लास्टर घालताना हूं की चूं केलं नाही पोरीने, असं मंगल म्हणाली. मी जवळ गेलो. बोलायला तोंड उघडलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं,

"पप्पा, तुमाला यायचंच न्हवतं ना?"

आजवर मी हजारभर माणसांसमोर एक कागद हातात न घेता बोललोय. त्या दिवशी एका पोरीसमोर मला एक शब्द सुचला नाही. माझा फेटा सुटून गळ्यात आला आणि मी त्याच्या टोकाने तोंड झाकून घेतलं. आजी बाहेरून वाकून बघत होती, ती म्हणाली, चला, बाप हाय म्हनायचा.

हात जुळणार होता. सामने मात्र गेले. घरी आल्यावर धनूचा राग हातावर नव्हता, खांबावर नव्हता, माझ्यावरही नव्हता, आणि तेच वाईट होतं. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. ही नुसती माझ्याशी कामापुरतं बोलत होती, पाहुण्याशी बोलावं तसं. मी आख्खी गोष्ट तिला चार वेळा सांगितली. गफूरभाईंना घरी बोलावून तिच्यासमोर 'हॅलो' म्हणायला लावलं. त्यांनी बिचाऱ्यांनी तंबाखू थुंकून, चूळ भरून, स्वच्छ आवाजात 'हॅलो' म्हटलं आणि माझा एकुलता एक पुरावा बाद केला! मी तिला घास भरवायला गेलो, तर ती डाव्या हाताने खाऊ लागली. वेणी घालायला गेलो. त्या वेणीबद्दल शाळेतून विचारणा झाली.

शेवटी माझ्या मदतीला धावून आला तो गृहपाठ. उजवा हात गळ्यात अडकवलेला, आणि मराठीच्या बाईंनी निबंध दिलेला. धनूने सांगायचं आणि घरातल्या कुणीतरी लिहायचं, अशी बाईंनी सवलत दिली होती. मंगल शेरडांना पाणी पाजायला गेली होती. घरात मी एकटाच. धनूने बराच विचार केला आणि वही माझ्यापुढे सरकवली.

"विषय काय?" मी विचारलं.

"माझे वडील."

मी पेन सरसावलं. सुरुवात कशी करावी, याचे तीन नमुने मी तिला ऐकवले. एकात सूर्य होता, दुसऱ्यात वटवृक्ष. ती म्हणाली,

"तुमी सुचवू नका. मी सांगते तेवढंच लिहा."

मग ती निबंधाच्या भाषेत, सावकाश सांगू लागली.

"माझे वडील खूप बोलतात."

मी लिहिलं.

"त्यांना फोन नीट ऐकू येत नाही, कारण ते मध्येच बोलतात."

लिहिलं.

"माझा हात मोडला तेव्हा मला वाटलं, माझे वडील येणार नाहीत. पण ते आले. त्यांच्या पायात दुसऱ्याच्या चपला होत्या. दोन्ही डाव्या पायाच्या होत्या."

हे तिने कधी बघितलं होतं, देव जाणे. मी स्वतः घरी येईपर्यंत बघितलं नव्हतं.

"ते फेट्यात तोंड घालून रडले."

"मी कुठं रडलो? घाम हुता तो."

"लिहा."

लिहिलं.

तिने थोडा वेळ प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांकडे बघितलं. बोटांची सूज उतरली होती. मग म्हणाली, "आता माझे वडील माझं सगळं ऐकून घेतात. मला माझे वडील आवडतात." आणि घाईघाईने, "पूर्णविराम द्या."

तो पूर्णविराम मी इतका दाबून दिला, की कागदाच्या पलीकडे निघाला.

चार दिवसांनी वही तपासून आली. मी दुकानातून उठून घरी आलो, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र वाचायला. निबंधाखाली बाईंनी लाल शाईत लिहिलं होतं, आशय मनापासून आवडला. त्याच्या खाली मात्र गुण कापलेले होते. सगळ्या पानावर एकच शब्द जागोजागी गोल करून ठेवला होता. दरवेळी मी 'ड'ला पहिली वेलांटी दिली होती, आणि ती दुसरी हवी होती.

शेवटी शेरा होता, "'वडील' अजून जमत नाही. दहा वेळा लिहून आणणे."

मी लिहायला बसलो. धनू शेजारी मांडी घालून बसली, कधी नव्हे ते हसत. सहाव्या वेळेला तिने डाव्या हाताने माझं पेन धरलं आणि म्हणाली, "पप्पा, परत चुकलं."