बाबांनी लॅपटॉप उघडला तेव्हा

माझी नोकरी गेली त्या वर्षी मी ऐकून टाइप करायचं काम धरलं. कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या मासे विकणाऱ्या बायकांच्या मुलाखती रेकॉर्ड करत होत्या. त्या मला आवाजाची फाइल पाठवायच्या, मी ती ऐकून शब्दन् शब्द मराठीत उतरवायचे. चारकोपच्या आमच्या दोन खोल्यांत, जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला माझं ऑफिस होतं. लॅपटॉप भावाचा. त्यानं नवा घेतला तेव्हा जुना मला दिला. नऊ वर्षांचा होता, बिजागरी ढिली झालेली, त्यामुळे पडदा मागे पडू नये म्हणून पाठीशी पाण्याची बाटली ठेवावी लागे.

एके सकाळी त्याचं काहीतरी अपडेट झालं आणि आवाज बंद पडला. मी मोबाइलवर शोधून शोधून आवाज चालवणारा जुना प्रोग्रॅम परत टाकला, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. आवाज आला, पण फक्त हेडफोनमध्ये. स्पीकर मुके ते मुकेच. हेडफोन काढून ठेवला तरी पडद्यावर ‘हेडफोन’ असंच दिसायचं. म्हटलं, असू दे, आपलं काम होतंय ना.

मग रोज सहा-सहा तास हेडफोन कानात. दोन महिन्यांत उजवा कान इतका ठणकायला लागला की त्या कुशीवर झोपता येईना. डॉक्टरांनी कान बघितला आणि म्हणाले, “महिनाभर कानात काही घालायचं नाही. वरून बसणारा मोठा हेडफोनसुद्धा नाही.” मोबाइलवर ऐकून बघितलं. एका हातानं मोबाइल थांबवायचा, दुसऱ्यानं टाइप करायचं. एका मिनिटाच्या बोलण्याला पाव तास जाऊ लागला. बाईंना पुढची चार पानं द्यायची होती, माझं एकही होईना.

स्टेशनजवळच्या दुकानात लॅपटॉप घेऊन गेले. तिथल्या माणसानं तो उघडलाही नाही. “बोर्ड गेला, मॅडम. नऊ वर्षं झाली, अजून किती पळवणार?” मुलुंडला भावाला फोन केला. तो म्हणाला, “अगं, बाहेरून लावायचे स्पीकर घे ना. संपला विषय.” खरंच संपला असता. मी मोबाइलवर स्पीकर निवडूनही ठेवले होते. फक्त मागवायचं बटण दाबायचं राहिलं होतं.

त्याच फोनवर मी भावाला वैतागून सांगत होते, “कमाल आहे रे याची. काही लावलेलं नाही, तरी म्हणतोय हेडफोन लावलाय.”

खिडकीशी बसलेल्या बाबांनी पेपर खाली घेतला.

बाबांबद्दल सांगायला हवं. एकोणिसाव्या वर्षी ते बुलढाण्याहून मुंबईत आले, जोगेश्वरीत एका दुकानात रेडिओदुरुस्ती शिकले आणि पुढे त्याच गल्लीत स्वतःचं दुकान टाकलं. रेडिओ, टेप, मग टीव्ही. पुढे भिंतीवरचे पातळ टीव्ही आले, ते बिघडले की लोक दुरुस्त न करता नवे आणू लागले. बाबांनी पाच वर्षांपूर्वी दुकान बंद केलं, हत्यारं एका लोखंडी पेटीत भरून पलंगाखाली सरकवली. तेव्हापासून ते तोच पेपर दिवसातून दोनदा वाचायचे. मोबाइलमधलं काहीही विचारलं की एकच उत्तर, “मला त्यातलं कळत नाही.” व्हिडिओ कॉलसुद्धा आई लावून द्यायची.

“काय म्हणालीस?” बाबांनी विचारलं. “काही न लावता लावलंय म्हणतो?”

“हो.”

“मग जॅक अडकलाय.”

मी फोन ठेवला. बाबा बोटांनी दाखवत सांगू लागले, “टेपला इयरफोनचं भोक, म्हणजे जॅक असायचा ना, त्याच्या आत पत्र्याची बारीक पट्टी असते. पिन आत गेली की पट्टी बाजूला होते आणि स्पीकर बंद. पिन काढली की पट्टी परत जागेवर. धूळ गेली, गंज चढला, की ती अडकून बसते. गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं स्पीकर गेला. स्पीकर कुठे जातोय? त्याला वाज म्हणून कोणी सांगतच नाही.”

“बाबा, यात तसं नसतं. हा कॉम्प्युटर आहे.”

“असेल,” ते म्हणाले, आणि पेपर पुन्हा वर गेला.

मी पडद्याकडे बघत बसले, पण लक्ष पेपरामागच्या त्या दोन हातांकडे होतं. पाच वर्षांत पहिल्यांदा बाबा स्वतःहून एखाद्या वस्तूबद्दल बोलले होते आणि मी एका वाक्यात त्यांना गप्प केलं होतं. मोबाइल उचलला आणि निवडलेले स्पीकर काढून टाकले.

“बाबा,” मी म्हटलं, “बघता का उघडून?”

“बिघडला तर?”

“बिघडलेलाच आहे.”

पेटी पलंगाखालून बाहेर आली. पण तिच्यातला सगळ्यात लहान स्क्रूड्रायव्हरही त्या स्क्रूंना मोठा पडला. बाबा शर्ट बदलून खाली चष्म्याच्या दुकानात गेले आणि तिथून एक बारीक स्क्रूड्रायव्हर मागून आणला. आल्या आल्या आईवर ओरडले, “पंखा बंद कर, स्क्रू उडतील!” आई घामानं निथळत म्हणाली, “स्क्रू उडतील म्हणे. आम्ही वितळलो तरी चालेल.”

पेपरवर त्यांनी लॅपटॉपचा आकार काढला आणि ज्या जागेचा स्क्रू निघेल तो त्या जागी ठेवला. कीबोर्डखाली एक कागदासारखी पातळ पट्टी दिसली तिथे मात्र ते थांबले. “हे आमच्यात नव्हतं. कसं निघतं ते बघ तुझ्या मोबाइलवर.” मी एक व्हिडिओ शोधला, चार वेळा बघितला आणि सांगितलं, “काळी कडा नखानं वर करायची, मग ओढायची.” त्यांनी तसं केलं. पट्टी अलगद सुटली. आधी बॅटरीची तार काढायची, हेही मीच वाचून सांगितलं. त्यावर त्यांनी मान डोलावली, जशी एखाद्या बरोबरीच्या कारागिराला डोलवावी.

स्पीकर अंगठ्याएवढे निघाले. बाबांनी भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला, त्याला दोन तारा लावल्या आणि त्यांची टोकं एका स्पीकरला टेकवली. खर्र! दुसऱ्याला टेकवली. खर्र, जरा घोगरं.

“दोन्ही जिवंत आहेत,” बाबा म्हणाले. “तो दुकानवाला काय म्हणाला होता?”

“बोर्ड गेला.”

“हं.”

आगपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये जेमतेम ओला करून त्यांनी जॅक आतून पुसला. कापूस काळा आला. पुन्हा पुसला, पुन्हा काळा. मग पिन घालायची, काढायची, घालायची, काढायची. कितीतरी वेळ तेच चाललं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाळू दिलं आणि सगळं परत बसवलं. बसवून झाल्यावर पेपरवर एक स्क्रू उरला. बाबा अस्वस्थ झाले, सगळं पुन्हा उघडायला निघाले. आई म्हणाली, “अख्खा बोर्ड गेला म्हणत होता ना तो? मग एक स्क्रू गेल्यानं काय होतंय?”

लॅपटॉप सुरू केला. पडद्यावर ‘हेडफोन’ नव्हतं, ‘स्पीकर’ होतं. मी आनंदानं फाइल लावली.

शांतता.

बाबा टेबलावरचा कापूस गोळा करू लागले. मला ते बघवेना. मी आवाजाच्या चिन्हावर गेले, आणि माझ्या लक्षात आलं. हेडफोनचा आवाज वेगळा, स्पीकरचा वेगळा. सगळ्या खटपटीत कधीतरी मीच स्पीकरचा आवाज शून्यावर नेऊन ठेवला होता. “बाबा, थांबा!” मी ओरडले आणि आवाजाची पट्टी वर सरकवली.

आणि आमच्या स्वयंपाकघरात एक कोळीण तावातावानं बोलायला लागली. इतक्या मोठ्यानं की आईच्या हातातलं भांडं निसटलं. बाबा हसले. आवाज करून, दात दिसतील असे. ते असे हसतात हे मी विसरूनच गेले होते.

त्या दुपारपासून बाबा खुर्ची घेऊन माझ्या शेजारी बसू लागले. सुरुवातीला म्हणे उजव्या स्पीकरची घरघर वाढतेय का ते बघायला. तिसऱ्या दिवशी त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “हे काय लिहिलंयस?”

मी लिहिलं होतं, ‘नवऱ्यानं ढोल पाण्यात सोडला.’ पुढे प्रश्नचिन्ह. मला वाटलं होतं, सणाचं काही असेल.

“ढोल नाही गं, डोल. जाळं असतं ते, पिशवीसारखं लांबच लांब. समुद्रात खुंटांना बांधतात.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“वेसाव्याच्या बायका बाजाराला यायच्या ना जोगेश्वरीला. रेडिओ माझ्याकडे टाकायच्या आणि दुरुस्त होईपर्यंत फळीवर बसून बोलायच्या. रेडिओ उघडला की आत खवले निघायचे माशांचे. मी तोवर समुद्रसुद्धा नीट बघितला नव्हता. सगळं त्यांच्याकडूनच कळलं.”

मी ‘अस्पष्ट’ म्हणून सोडलेल्या जागा त्यांना ऐकवल्या. निम्म्याहून जास्त त्यांनी भरून दिल्या. काही त्यांनाही कळल्या नाहीत. ते म्हणाले, “हे विचारायला पाहिजे.” बाईंनी पानं वाचून फोन केला, कोणाची मदत घेतली म्हणून. मी सांगितलं, माझे वडील. त्या म्हणाल्या, “मग पुढच्या वेळी दोघं माझ्याबरोबर चला. राहिलेले शब्द तिथेच विचारू.”

गेलो. जिचा आवाज मी तीन महिने ऐकत होते ती मला धिप्पाड वाटली होती. दार उघडलं ते माझ्या खांद्याला लागेल एवढ्या बारीक बाईनं. बोलली, आणि तीच होती. तिनं आम्हाला घरात बसूच दिलं नाही. जाळी वाळत घातली होती तिथे थेट घेऊन गेली. बाबा वाकून जाळ्याच्या गाठी बघायला लागले, एक गाठ दोन बोटांत धरून फिरवत म्हणाले, “ही सुटत कशी नाही? आणि हे खुंट एवढ्या खोल पाण्यात रोवता कसे?”

कॉलेजच्या बाईंनी मला खूण केली. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

कोळणीनं कमरेवर हात ठेवून बाबांना खालून वर न्याहाळलं. “आधी मला सांग, तू पोहतोस का?”

“नाही,” बाबा म्हणाले.

“मग खाली बस. वेळ लागेल समजवायला.”

बाबा चप्पल काढून जाळ्याशेजारी वाळूत बसले.