नावेची धर्ममाता

लेस्टेर गावात इस्मेच्या खिडकीतून समोरचं पांढऱ्या वाळूचं बेट इतकं जवळ दिसतं, की वाटावं हात लांबवला तर चिमूटभर वाळू उचलता येईल. होडीनं निघालं तर कपातला चहा निवायच्या आत माणूस पोचतो. इस्मे मात्र जन्मात कधी तिथं गेली नव्हती.

आणि वाट सांगायची कोण? तीच! नवरा गेल्यापासून ती मागची खोली पाहुण्यांना देते. मे महिन्यात परदेशी लोकांच्या शिडाच्या मोठमोठ्या बोटी निघून गेलेल्या असतात, वारा पडतो, पाणी ताटातल्या पेजेसारखं गप्प बसतं. डोंगर वाळून पिवळे, बकऱ्या मोकळ्या सोडलेल्या, आंबे पायाखाली. अशा दिवसांत जो पाहुणा येतो तो गर्दीला कंटाळलेला असतो. त्याला इस्मे आधी बजावते, "टाकीत पाणी तळाला गेलंय, आंघोळीला एकच बादली." मग खिडकीशी नेऊन बोट दाखवते. "त्या टोकाला उतरा. पूर्वेला बदामाचं मोठं झाड आहे, त्याच्या सावलीत बसा. डाव्या अंगाला पोहू नका, ओढ आहे." सगळं लहानपणी कानावर पडलेलं, पण ऐकणाऱ्याला वाटावं बाईचं माहेरच तिथलं.

भीतीचं कारण गावाला ठाऊक आहे. लहानपणी मोठ्या ग्रेनाडा बेटाहून टपालाच्या गलबतानं येताना वाटेतल्या खवळलेल्या पट्ट्यात वादळ लागलं आणि बापानं तिला डोलकाठीला बांधून ठेवलं. किनारा लागल्यावर दोर सोडले, तेव्हा तिनं वाळूवर बसून सांगितलं, आता इथून हलणार नाही. आणि हललीच नाही! दाढ दुखली तर लवंग धरते, पण दंतवैद्यासाठी बोटीत बसत नाही.

तिच्या बहिणीचा मुलगा ऑस्बर्ट. तो तिला टँटी म्हणतो, म्हणजे मावशी; ऐकून पाहुणेही तेच म्हणतात. चाळिशी उलटलेला, गुणी, थोडा तोंडाळ. पाहुण्यांना बेटावर नेणं-आणणं हीच त्याची भाकरी. जुनी होडी कुजली म्हणून त्यानं वर्षापूर्वी किनाऱ्यावरच नवी बांधायला घेतली. ईस्टरनंतर फळ्या बसल्या, मे महिन्यात रंग लागला. एका रविवारी चर्च सुटल्यावर सगळ्यांसमोर तो इस्मेपुढे टोपी काढून उभा राहिला.

"टँटी, माझ्या नावेची धर्म..."

"हो!" इस्मे म्हणाली. त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. डोळ्यांत पाणी. आजवर गावातल्या अर्ध्या पोरांची ती धर्ममाता झाली होती, पण नावेची व्हायला तिला कुणी बोलावलं नव्हतं.

संध्याकाळी माझ्या अंगणात आली ती चेहरा उतरवून.

"व्हिनेल, अगं, नावेची धर्ममाता नावेत बसूनच पाण्यात उतरते."

"मग? तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं गं. आनंदात विसरले."

मला हसू आवरेना. पण गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. आमच्याकडे धर्ममातेनं नावेसोबत जाऊन, ती पहिल्यांदा जिथं लागेल त्या जमिनीला पाय लावायचा असतो. ती चढलीच नाही किंवा आधीच उतरली तर नाव पोरकी झाली म्हणतात, आणि पोरक्या नावेत आमच्यातलं कुणी पाय ठेवत नाही. पाहुण्यांना काय, त्यांना कळायचं नाही. पण ऑस्बर्टचा शिडाचा गडी, मासे विकणारी बाई, सगळे पाठ फिरवतील. त्याच्या वर्षभराच्या कष्टांची माती.

"गुडघा दुखतो म्हणून सांग," मी म्हणाले.

"पाद्री आशीर्वाद द्यायला येणार. त्याच्यासमोर खोटं बोलू?"

"मग खरं सांग."

"ते तर त्याहून वाईट!"

दुसऱ्या दिवशी तिनं युक्ती काढली. तिच्याकडे तेव्हा सोल्वेग होती, नॉर्वेची, निवृत्त पोस्टमन बाई, दरवर्षी मे महिन्यात येणारी. इस्मे ऑस्बर्टला म्हणाली, "हिलाच कर धर्ममाता. बर्फात वाढलेली बाई, कशाला भीत नाही."

ऑस्बर्टनं कुऱ्हाडीची धार बघत बघतच उत्तर दिलं. "ती महिनाअखेरीस जाईल, टँटी. मग नावेनं रुसून बघायचं कुणाकडे? नॉर्वेकडे?"

झालं. इस्मेनं कपाटातून पांढरा झगा काढला.

नाव पाण्यात सोडायचा दिवस उजाडला. पहाटेपासून बायकांनी तीन दगडांवर हंडे चढवले होते. मटण, ओल्या तुरीचं कालवण, कूकूचे, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचे, सुक्या भोपळ्याच्या वाडग्यात फिरवून केलेले गोळे. नावेच्या पुढच्या टोकाशी मेंढा कापला, मागच्या टोकाशी बकरा, पाद्रीबाबानं पाणी शिंपडलं, म्हाताऱ्यांनी रम शिंपडली. कुणाचा आशीर्वाद नावेला जास्त लागला ते देव जाणे. इस्मे पांढरा झगा आणि चर्चची टोपी घालून आली. चार जणांनी तिला उचलून आत बसवलं. तिनं डोलकाठीला दोन्ही हातांनी मिठी घातली आणि डोळे मिटले.

"व्हिनेल, तूही ये!"

"मी काय तुझी करवली?"

"ये म्हणते ना!"

चढले मी. सोल्वेगही चढली, कॅमेरा गळ्यात अडकवून. नावेला दिलेल्या टेकूंवर कुऱ्हाडी पडू लागल्या. एकेक टेकू तुटला तशी नाव कुशीवर कलली, इस्मेच्या तोंडून येशूची सगळी नावं निघाली. दोर धरलेल्यांनी गाण्याचा सूर धरला, ओंडक्यांवरून नाव हलली, आणि पाण्याला लागताच रिवाजाप्रमाणे ऑस्बर्टनं निशाण उलगडलं. तोवर नावेचं नाव कुणाला माहीत नसतं.

निशाणावर लिहिलं होतं, 'टँटीनं सांगितलंय'.

किनाऱ्यावर असा हशा पिकला की बकऱ्या पळाल्या.

इस्मेनं डोळे उघडले. "काय लिहिलंय? चष्मा आणला नाही मी."

मी वाचून दाखवलं.

"ऑस्बर्ट! मेल्या, हे काय नाव झालं?"

"काय करू, टँटी? येणारा प्रत्येक पाहुणा होडीत बसताना तेच म्हणतो. इथं उतरव, टँटीनं सांगितलंय. तिथं पोहायचं नाही, टँटीनं सांगितलंय. मी होडीवाला की तुझा हमाल?"

"तुझ्या आईला सांगते. थांब!"

"सांग. तिनंच सुचवलं."

मग तिच्या तोंडाचा जो पट्टा सुटला! ऑस्बर्टचं लहानपण निघालं, त्याची चोरलेली कैरी निघाली, त्याच्या आईची जीभ निघाली, लग्नात त्यानं घातलेले पिवळे बूट निघाले. बोलायला हात लागतात, म्हणून डोलकाठी केव्हाच सुटली होती. त्या दिवशी नेमका वारा उठला, शीड फुगलं, नाव समोरच्या बेटाकडे निघाली, फेस उडाला, टोपी तिरकी झाली. ऑस्बर्ट मान खाली घालून सुकाणू धरून "हो टँटी, चुकलं टँटी" म्हणत राहिला. मला दिसत होतं, गालातल्या गालात हसत होता. पिवळ्या बुटांवर ती दुसऱ्यांदा घसरली एवढ्यात नावेखाली वाळू कुरकुरली.

इस्मेनं टोपी सरळ केली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"पोचलो?"

"पोचलो," ऑस्बर्ट म्हणाला. "उतर. पाय लाव."

तिनं झगा गुडघ्यापर्यंत उचलला आणि उतरली. पाऊल वाळूत रुतलं, लाटेनं घोटा धुतला. तिनं दुसरं पाऊल टाकलं. नावेला माय मिळाली. ऑस्बर्टनं टोपीनं डोळे पुसले आणि म्हणाला की फेस उडालाय.

इस्मे एव्हाना पूर्वेच्या टोकाकडे निघाली होती. तिथं जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माझं बदामाचं झाड कुठंय?"

ऑस्बर्टनं टोपी डोळ्यांवर ओढली. शेवटी सोल्वेग हळूच म्हणाली, "मलाही कधी सापडलं नाही. वाटलं, मलाच पूर्व कळत नाही."

"कित्येक वर्षांपूर्वीच्या वादळात गेलं, टँटी," ऑस्बर्ट म्हणाला. "खिडकीतून सगळी झाडं सारखीच दिसतात."

"आणि कुणी सांगितलं नाही?"

"तुला सांगणार कोण?"

ती हसायला लागली ती वाळूवर बसेपर्यंत. मग तिथंच बसली, पाय पाण्यात सोडून, आपल्या घराची खिडकी इथून केवढीशी दिसते ते बघत. आम्हीही बसलो. कुणाला घाई नव्हती.

परतलो तेव्हा हंडे अर्धे झाले होते. सगळा गाव तिच्याभोवती. "कसं होतं गं, इस्मे?"

"पाणी फार होतं," ती म्हणाली आणि ताट पुढं केलं. "कूकूचा मोठा गोळा घाल."

ऑस्बर्ट तिच्या शेजारी येऊन बसला. "उद्या सोल्वेगला घेऊन जातोय. येतेस?"

"उद्या धुणं आहे," मटणाचं हाड चोखत इस्मे म्हणाली. "परवा ये."