खिडकी लावून केलेल्या करंज्या

लेकीचा फोन आला तेव्हा मी वाशिंदला कंपनीच्या गेटबाहेर गाडीची वाट बघत उभी होते. "आई, मला आपल्या ओल्या वालाच्या तिखट करंज्या खायच्यात," ती म्हणाली. दुसरी एखादी आई खूश झाली असती. मी मात्र आधी आजूबाजूला कुणी ओळखीचं नाही ना ते बघितलं.

कारण तिला दिवस गेले होते आणि ते आमच्या घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं. आधी दोनदा पोटातलं राहिलं नव्हतं. दोन्ही वेळा मी किन्हवलीत सगळ्या आळीला आनंदाने सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा घरोघरच्या बायकांनी "काय म्हणते पोर?" विचारल्यावर मान खाली घालायची पाळी आली होती. या खेपेला मी ठरवलं, डोहाळजेवणाची वेळ येईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. नवऱ्याला शपथ घातली. लेकीलाही बजावलं, तुझ्या सासरी वैशाखऱ्याला कळलंय तेवढं पुरे, इकडच्या कुणाचा फोन आला तर बरी आहे एवढंच सांग. ती बरं म्हणाली. माझ्या लेकीची ही एक खोड आहे, कुठल्याही गोष्टीला ती बरं म्हणते.

आता पाचवा महिना चालू होता आणि तिला अन्न जात नव्हतं. मुरबाडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वजन भरत नाही, मनाला येईल ते खाऊ दे. आणि मनाला आल्या त्या करंज्या! भाकरी-चटणी मागितली असती तर मी उभ्या उभ्या पाठवली असती.

आमच्याकडे करंज्या गुपचूप होत नाहीत. एका बाईचं ते कामच नाही. एकीने लाटायचं, एकीने सारण भरायचं, एकीने मुरड घालायची, एकीने कढईपाशी बसायचं. एकटीने करायला गेलं तर भरेपर्यंत लाटलेल्या पाऱ्या वाळतात आणि मुरड घालेपर्यंत भरलेल्या करंज्यांना चिरा पडतात. म्हणून थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की ज्या घरी सारण शिजतं तिथे आळीतल्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन येतात. बोलवावं लागत नाही. आल्या की हात चालतात आणि हातांपेक्षा तोंडं. "कुणासाठी गो एवढ्या?" हा पहिला प्रश्न. मला खोटं बोलता येत नाही. माझं तोंड आधीच सगळं सांगून मोकळं होतं.

म्हणून मी वाशिंदलाच, स्टेशनजवळच्या बेकरीतून करंज्या घेतल्या. जन्मात पहिल्यांदा. काचेच्या कपाटात मटार करंजी म्हणून रचून ठेवल्या होत्या, सगळ्या साच्यातल्या, कडा एकसारख्या. दिसायला माझ्यापेक्षा देखण्या, हे कबूल. पण घरी आणल्यावर मला नाही नाही ते सुचायला लागलं. तेल कालचं असेल तर? सारण आंबलं असेल तर? पोरीचं पोट बिघडलं आणि त्यातून काही भलतंच झालं तर? शेवटी मी आधी एक खाल्ली आणि पोट दुखतंय का ते बघत ओट्यावर बसून राहिले.

"पोट तुजं दगडाचं हाय," नवरा म्हणाला. "तुला काय होणार नाय. त्याच्यावरनं काय कळायचं?"

त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणून मी त्याच्यावर चिडले. दुसऱ्या दिवशी तो मोटरसायकलवर सरळगावमार्गे डबा पोचवून आला. संध्याकाळी लेकीचा फोन. "आई, त्याला वास येतो गं. एक घास खाल्ला आणि सगळं उलटून पडलं. सकाळचं पाणीसुद्धा." आवाज इतका बारीक की मला दोनदा हॅलो म्हणावं लागलं. मी तिला धीर दिला, फोन ठेवला आणि देवापुढे जाऊन उभी राहिले. मनात एकच घोळत होतं, दोन्ही वेळा असंच सुरू झालं होतं.

मग मी कंपनीत रजा टाकली. शेतावरून वालाच्या शेंगा आणल्या, दाणे सोलले, वाफवले, आलं-मिरची-लसूण आणि खोबरं घालून सारण कोरडं परतलं. दुपारी आळी सुस्तावते, ती वेळ धरली. पुढचं दार लावलं. स्वयंपाकघराची खिडकी लावली. घामाने निथळत एकटीच लाटायला बसले. लाटायचं, भरायचं, ओल्या फडक्याखाली ठेवायचं, उठून तेल बघायचं, परत बसायचं. घाई झाली. मुरड नीट बसली नाही. पहिली करंजी तेलात सोडली आणि ती फुटली. सारण कढईभर झालं, तेल तडतडून हातावर उडालं. हाताचं मला काही नाही. पण पोटुश्या पोरीच्या डब्याची पहिलीच करंजी फुटावी! तो शकुन की अपशकुन, हे मी स्वतःला विचारायचंसुद्धा नाही असं ठरवलं आणि विचारत राहिले. दुसरीही फुटली.

तेवढ्यात मागचं दार ढकलून शेजारच्या काकू आत आल्या. काखेत पोळपाट.

"काय गो, येकटीच? आनि खिडकी कशाला लावलीस? मरशील ना धुरानं."

"सहजच, काकू. आमच्या दोघांपुरत्या करते."

काकूंनी परातीतल्या पिठाच्या गोळ्याकडे बघितलं. एवढं पीठ दोघांना आठवडाभर पुरलं असतं. त्यांनी खिडकी उघडली, पदर खोचला, त्या माझ्यासमोर बसल्या आणि करंज्यांना मुरड घालायला लागल्या. मग झाऱ्यावरची फुटलेली करंजी उचलून फुंकर मारून खाल्ली.

"मीठ बरोबर हाय. फुटली ती करनाऱ्यांनी खायाची. डब्यात चांगल्या जाव देत तिच्या."

तिच्या, म्हणाल्या त्या. माझं लाटणं थांबलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? दिवाळीला पोर आली नाय, तवाच कळलं आमाला."

"आमाला म्हणजे?"

"सगल्या आळीला."

मला आधी रागच आला. महिनोन् महिने मी शब्द गिळत होते, नळावर जाताना मान खाली घालत होते आणि या सगळ्या जणी जाणून होत्या! "मग कुणी विचारलं का नाही?" मी जवळजवळ भांडायलाच उठले.

"इचारलं असतं तर तुला खोटं बोलाया लागलं असतं," काकू म्हणाल्या. "या वख्ताला आईच्या तोंडात खोटं नको, म्हनून गप ऱ्हायलो. लाट आता, पाऱ्या वाळतात."

मी लाटायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात पिठाचे, त्यामुळे पुसताही येईना. त्यानंतर एकही करंजी फुटली नाही. सकाळी नवरा डबा घेऊन निघाला तेव्हा मी त्याला रस्त्यातले खड्डे सांभाळायला इतक्यांदा सांगितलं की माझं बोलणं संपायच्या आत त्याने गाडी चालू केली.

दुपार उलटली तरी फोन नाही. मी आत-बाहेर करत होते. डबा पोचल्याचं नवऱ्याने कळवलं होतं, मग ही का बोलत नाही? पुन्हा सगळं पडलं असेल. दवाखान्यात नेलं असेल आणि मला कुणी सांगत नसेल. फोन वाजला तेव्हा तो माझ्या हातातच होता, तरी मी दचकले.

"आई," ती म्हणाली, "यातल्या मुरडी तुझ्या नाहीत. काकूंच्या आहेत. तू त्यांना सांगितलंस?"

मी गडबडले. "नाही गं, मी नाही सांगितलं, त्यांना आपोआप... तू रागावू नको."

पलीकडे ती रडत होती.

"काय झालं? पडलं का?"

"नाही. दोन खाल्ल्या. तिसरी हातात आहे." मग तिने नाक ओढलं. "आई, तू कुणाला सांगत नव्हतीस ना, तर मला वाटत होतं, हेसुद्धा राहणार नाही असं तुलाच वाटतंय."

चपलासुद्धा न घालता मी तशीच काकूंच्या ओट्यावर गेले. तिथे चौघीजणी शेंगा सोलत बसल्या होत्या. मी फोनचा स्पीकर लावला आणि फोन त्यांच्या मधोमध ठेवला.

"बोल गं," मी म्हटलं, "सगळ्या इथेच आहेत. सांग त्यांना, कितवा महिना चालू आहे."