विहिरीच्या काठावर ऐकलेलं ‘थम!’

माझ्या माहेरी देवदेवसुद्धा बेताचंच. वडील सायन्सचे शिक्षक, मी बी.एस्सी. कुणी भासाबिसाचं सांगायला लागलं की मी सरळ उठून चहा टाकायला जायचे. आजही असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही... ही एक सोडून. कारण ही मी स्वतःच्या कानांनी ऐकली — भर दुपारी, शुद्धीत, चार माणसांसोबत.

माझं सासर अंबाजोगाई तालुक्यातलं घाटनांदूर. गावात नुकता एसटीडी बूथ आला होता, तेव्हाची गोष्ट. सासरे, म्हणजे आबा, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. एकाहत्तरची लढाई केलेला माणूस, पण लढाईचं विचारलं की "थंडी लई होती" एवढंच सांगायचे. जीव सगळा घरात. नातीच्या वेण्या तेच घालायचे, इतक्या घट्ट की पोरगी शाळेतून आली तरी एक केस सुटलेला नसायचा. मला मोपेड त्यांनीच शिकवली. मागं पळत यायचे आणि वळण आलं की ओरडायचे — "थम!" परेडमधली ऑर्डर. घरात कुणालाही अडवायचं असलं की हाच शब्द. तो आवाज पोटातून यायचा; ऐकणाऱ्याचे पाय आधी थांबायचे, डोकं नंतर.

त्या उन्हाळ्यात आबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अंबाजोगाईच्या दवाखान्यात ठेवलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांच्याजवळ. इकडं रानात विहिरीचं काम नुकतंच सुरू झालं होतं. आपल्या रानात पाणी बघायचं, ही आबांची फार दिवसांची इच्छा. "फार आशा धरू नका," असं डॉक्टरांनी सांगितल्यावर आमचे हे इरेलाच पेटले. पाणी लागलं की पहिली कळशी दवाखान्यात न्यायची!

त्या दिवशी मी भाकरी घेऊन रानात गेलते. खडकात सुरुंग लावलेले. सगळे लांब जाऊन बसलो. बार उडाले, धूर निवळला. हे उठले तसा मुकादमानं — हनुमंतमामानं — हात आडवा धरला.

"मालक, दम धरा. एक बार राहिल्यावानी वाटतंय."

"समदे उडले की! खाली ओल दिसतीय का तेवढं बघतो."

"कावून घाई करायलाव? इस्तव आन् सुरुंग..."

मामाचं बोलणं पुरं व्हायच्या आत हे काठावर पोचलेसुद्धा. मी मागोमाग धावले. "अहो, ऐका ना!" यांनी ऐकलं नाही. काठावर बसून पाय आत सोडले, दोराला हात घातला...

"थम!"

माझ्या अगदी मागून. मानेवर वारा लागावा इतक्या जवळून. मी जागच्या जागी थिजले. यांनी लहान पोरासारखे पाय वर घेतले, वळून उभे राहिले आणि माझ्या खांद्यावरून मागं बघायला लागले. चेहरा पांढराफटक.

तेवढ्यात विहिरीतून बार उडाला.

मी तोंडावर आपटले. दगड-मातीचा पाऊस. डोळे उघडले तेव्हा हे माझ्याशेजारी पडलेले, कानातून रक्त, पण जिवंत. मागं बघितलं... मोकळं रान. झाडसुद्धा नाही.

हनुमंतमामा पळत आला. तो परगावचा, त्यानं आबांना कधी बघितलं नव्हतं, तरी पहिला प्रश्न त्याचाच. "ते फौजीवानी कोण वरडलं वो, वैनी?"



यांच्या कानाला फडकं बांधलं आणि जीपनं तडक अंबाजोगाई गाठली. वॉर्डच्या दारात आत्याबाई उभ्या होत्या. मनगट पदरात गुंडाळलेलं. आम्ही काही बोलायच्या आधी त्यांनी यांना चाचपायला सुरुवात केली.

"काय झालतं रे तिकडं? दुपारच्याला ह्यांनी उजव्या हातानं माजं मनगट धरलं... सुटंना! बांगड्या फुटल्या रे समद्या. नुसते व्हट हलायलते, आवाज काई न्हाई. मला वाटलं, झालं माजं..."

उजवा हात. जो डॉक्टरांनी टाचणी टोचून बघितला तरी हलला नव्हता.

आबा डोळे मिटून शांत पडलेले. घामानं भिजलेले... लांबून धावत आल्यासारखे.

नंतर आबा दिवाळीपर्यंत होते. विहिरीला पाणी लागलं, ते त्यांना चमच्यानं पाजलं. पण हात परत हलला नाही, वाचा आली नाही. एकदा मी कानाशी वाकून विचारलं, "आबा, तुम्ही आलता का?" ते नुसते बघत राहिले. ओळखीचं बघणं होतं, एवढंच सांगू शकते.

डॉक्टर म्हणाले, झटक्यात हात आवळला जातो. असेल. भीतीनं भास होतो. तेही असेल. मग मामाला कसा झाला?

यांचा डावा कान त्या दिवसापासून कायमचा गेला. मी विचारलं होतं, बाराचा आवाज केवढा होता हो? तर म्हणाले, "बार मला आठवतच न्हाई. त्या कानानं शेवटचं ऐकलं ते आबांना."