भरतीच्या वेळेची बस

आत्याचा फोन आला तेव्हा मी गवार मोडत होते. ती म्हणाली, "पनवेलहून खाडीकाठच्या बंदरपाड्याला बस सुरू झालीय. रिकामीच धावते म्हणतात. यायचं तर लवकर ये, बंद व्हायच्या आत."

मला बसने भटकायची खोड आहे, हे माझ्या नेहमीच्या वाचकांना सांगायला नको. त्यात बंद पडू घातलेली बस म्हटल्यावर मला राहवेना. नवरा म्हणाला, "लोक शनिवार-रविवार गाठून महाबळेश्वरला जातात, आणि तू उरणच्या खाडीत चाललीस?" मी म्हटलं, "तिथे स्ट्रॉबेरी नसेल, पण कोलंबी आहे." मग त्याने स्वतःच माझी बॅग माळ्यावरून काढून दिली.

शुक्रवारी चिंचवडहून एसटीने निघाले. एक्सप्रेसवे झाल्यापासून पनवेल म्हणजे शेजारचं गाव झालंय, डुलकी लागायच्या आत घाट संपतो. आत्या नवीन पनवेलला सेक्टरमधल्या जुन्या इमारतीत राहते. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढता वाढता तिने मला बसची कुंडली सांगितली. बंदरपाडा म्हणजे खाडीवरचा छोटा कोळीवाडा. तिथल्या बायकांनी वर्षानुवर्षं अर्ज केले, तेव्हा कुठे ही फेरी मिळाली. तोटा सरकारी निधीतून भरून निघणार, त्यामुळे तिकीट अगदी किरकोळ. मात्र प्रयोग महिनाभराचा. बसायला माणसं दिसली नाहीत तर निधी थांबणार आणि बसही. शेवटचा आठवडा चालू होता.

शनिवारी सकाळी स्टँडवर पोहोचले तर बसमध्ये आम्ही तीनच प्रवासी होतो. त्यात मी एक हौशी, आणि दुसरे मुकादमसाहेब, म्हणजे याच फेरीवर नजर ठेवणारे परिवहनचे अधिकारी. तिसरे एक आजोबा, तेही जासईला उतरून गेले. कंडक्टर सावंत माझं तिकीट फाडताना म्हणाला, "मॅडम, नक्की बंदरपाडाच ना? तिथे बघण्यासारखं काही नाही हो."

हा रस्ता काही नयनरम्य वगैरे नाही, आधीच सांगते. गव्हाण फाट्यापासून कंटेनरचे ट्रेलर सुरू होतात ते संपतच नाहीत. जासईच्या आसपास तर डब्यांच्या भिंतीच उभ्या आहेत. धूळ इतकी, की खिडकी लावून घेतलेली बरी. पण मुख्य रस्ता सोडून बस आत वळली आणि एकदम खारफुटी लागली, पांढरे बगळे दिसले, वाऱ्याला खारट वास आला. मी खिडकी उघडली ती मग लावलीच नाही.

बंदरपाड्याला नऊ वाजता पोहोचलो. थांब्यावर चिटपाखरूही नव्हतं. खाडीचं पाणी पार ओसरलेलं, होड्या चिखलात कलंडलेल्या.

"बघा साहेब," सावंत वैतागून म्हणाला. "चार दिवस गाडी भरून जाते, टोपल्या ठेवायला जागा नसते. मग आठवडाभर कुणी फिरकत नाही. ह्यांनीच मागितलेली बस आहे ना ही?"

 मुकादमसाहेबांचा चेहरा उतरला होता. बस सुटायला थोडा वेळ होता म्हणून ते गावात निघाले, आणि मीही मागोमाग.

पहिल्याच घरापुढे एक बाई बांबूच्या काठीवर जाळं पसरत होत्या. हौसाबाई त्यांचं नाव. अर्ज करणाऱ्या बायकांच्या त्या पुढारी. साहेबांना पाहून त्यांनी जाळं बाजूला टाकलं आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आलाव? बरा झाला. तुमची गारी आमच्या काय कामाची नाय, सायेब."

"हौसाबाई, वेळ तुम्हीच सांगितली होतीत. आमचा माणूस विचारायला आला होता. सगळ्या बायका म्हणाल्या नऊ."

"मंग? नऊच बोललो."

"नऊलाच तर आली!"

हौसाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की मला साहेबांची कीव आली. "अवो, ते त्या दिसाचं नऊ! त्या दिशी दशमी होती. भरती सकाळची, होऱ्या लवकर लागल्या. आज चवथ हाय. आज पानी दुपारी तीनला भरंल, तवा होऱ्या येतील. आता सकाळी काय चिखल भरून नेव पनवेलला?"

"मग हे त्याला का नाही सांगितलंत?"

"आता पानी रोज पाऊन तास उशिरानं भरतंय ह्ये काय सांगाची गोष्ट हाय? व्यापाऱ्याचा टेंपो येतोच ना बरोबर! आमी समजलो, बस पन तशीच येल."  मग त्यांनाच हसू फुटलं. "आमचाबी चुकलाच गो बाय," त्या मला म्हणाल्या. "त्याला बिचाऱ्याला तिथी कोन सांगनार?"

हसून झाल्यावर मात्र त्यांचा आवाज उतरला. होडी किनाऱ्याला लागते तेव्हा तिथे फक्त व्यापाऱ्याचा टेंपो उभा असतो. बर्फ जवळ नाही, म्हावरा थांबत नाही. तो म्हणेल त्या भावाला मान हलवायची. पनवेलच्या बाजारात स्वतः बसता आलं तर भाव स्वतःचा. "बस गेली," त्या म्हणाल्या, "म्हंजे परत मान हलवाची."

मला फार वाईट वाटलं. बस होती, पैसा होता, गिऱ्हाईक होतं. सगळं असून चुकामूक.

मुकादमसाहेब पनवेलचे, कोकणी मुसलमान. ते कपाळावर हात मारून म्हणाले, "या खुदा! आमची ईदसुद्धा चाँदवर ठरते. ईद किती तारखेला, असं कुणी एकदाच विचारून कायमचं लिहून ठेवलं तर चालेल का? आणि मी इथे महिनाभर घड्याळ घेऊन फिरतोय."

हौसाबाईंना उद्या दुपारी टोपल्या घेऊन थांब्यावर यायला सांगून ते बसकडे परतले आणि सावंतला म्हणाले, "उद्याची फेरी दुपारी. साडेचारला गाडी इथे पाहिजे."

"साहेब, तिथी बघून बस चालवायची? डेपोत हसतील आपल्याला."

"हसू देत. रिकामी गाडी बघून रडण्यापेक्षा बरं. वेळ बदलणं माझ्या हातात आहे. निधी पुढे चालू ठेवणं नाही. ते वरचे ठरवतील."

मी परतीचं तिकीट रद्द करून सोमवारची गाडी धरायचं ठरवलं. नवऱ्याला फोन केला तर त्याने फक्त कोलंबीची चौकशी केली.

रविवारी दुपारी बंदरपाड्याला पोहोचलो तेव्हा खाडी काठोकाठ भरली होती. होड्या लागलेल्या, बायकांची लगबग चाललेली, आणि थांब्यावर ही गर्दी! टोपल्यांतून पाणी गळतंय म्हणून सावंत ओरडत होता आणि ओरडता ओरडता एकेक टोपली वर ओढून घेत होता. मला हौसाबाईंनी आपल्या शेजारी दाटीवाटीने बसवलं. माझ्या मांडीवर बोईट माशांची टोपली आली. ड्रेस गेला तो गेलाच, पण मी इतकी खुशीत बऱ्याच दिवसांत नव्हते. मागच्या सीटजवळ मुकादमसाहेब खांबाला धरून उभे होते, जागा असती तरी बसले नसते असं वाटलं.

तुम्हाला जायचं असेल तर निघण्याआधी कालनिर्णय बघा, घड्याळ नंतर. अष्टमीच्या आसपास वेळा गैरसोयीच्या असतात. गावात हॉटेल नाही. आधी सांगितलं तर कोळिणी घरी जेवायला वाढतात, आणि तिखट झेपत नसेल तर तेही आधी सांगा.

चिंचवडला परतले, कोलंबीचं कालवण झालं, ड्रेसचा वास तीन धुण्यांनंतरही गेला नाही. सरकारी पैसा म्हटलं की मी आजवर पूल, उड्डाणपूल, मोठमोठे फलक एवढंच बघत आले. तो असा एका टोपलीपर्यंत पोहोचायचा तर मधे कुणाला तरी खाली उतरून दोन शब्द बोलावे लागतात, हे मात्र मला त्या चिखलात कळलं. पण खरं सांगायचं तर जीव टांगणीलाच होता. वरचे काय ठरवतात, कुणास ठाऊक.

काल संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे बाजाराचा गलका होता आणि त्यावर हौसाबाईंचा आवाज.

"गो बाय, बस राहिली! सायबाचा निरोप आला. आता थांब्यावर तिथीवार टायम लिवलाय."

मी आनंदाने काहीतरी बडबडले. त्या ऐकतच नव्हत्या.

"आनि ऐक. आज व्यापारी आलता बंदरावर, कोलंबी दे बोलतो. मी त्याला बोलले, घ्याची तर पनवेलला ये बाबा. बस हाय."