रांगेत शेवटची

"दुसरीत म्या रांगेत शेवटी उभी ऱ्हायची, बाई," असं आमच्या शाळेतल्या शिपाई मावशी म्हणायच्या आणि आमची स्टाफरूम खो खो हसायची. कारण मावशी जेमतेम साडेचार फूट. शाळेची घंटा द्यायलाही त्यांना स्टूल लागायचं. आमच्या सानपाड्याच्या शाळेत प्रार्थनेला मुलं उंचीप्रमाणे उभी करतात, बुटकी पुढे, उंच मागे. "मग पुढे काय, धुतल्यावर आटलात का?" असं मीच एकदा विचारलं होतं. त्याही हसल्या. झडायला हवी होती माझी जीभ.

मग एकदा डबा खाताना त्यांनीच सांगितलं. आठव्या वर्षी पाळी आली. साताऱ्याकडच्या त्यांच्या गावात पोर शहाणी झाली म्हणून मखरात बसवलं, ओटी भरली, शाळा बंद केली. दोन वर्षांत उंची थांबली ती थांबलीच. "समद्यांनी कौतुक केलं, पन दवाखान्यात कुनी नेलं न्हाई," म्हणाल्या आणि भाकरीचा तुकडा माझ्या डब्यात ठेवला.

रांगा लावायचं काम त्यांचंच. कोण किती बोटं वाढलं, हे त्यांना नुसत्या नजरेनं कळायचं. माझ्या दुसरीच्या वर्गातली एक मुलगी जूनमध्ये रांगेच्या मधोमध होती. दिवाळीनंतर मावशींनी तिला शेवटी नेऊन उभं केलं आणि मला बाजूला घेतलं.

"बाई, ही पोर वयात यायला लागलीय. सात वर्साची हाय. तिच्या आईला सांगा."

त्यांच्या नातीचंही असंच झालं होतं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनं देऊन ते थांबवलं होतं. वेळेत आणली म्हणून जमलं, असं त्या मला बजावत होत्या. मी "बघू" म्हटलं. मला लाज वाटली, दुसरं काय! एवढ्याशा पोरीच्या आईला असलं कसं सांगायचं?

आठ दिवस वाट बघून मावशींनी स्वतःच त्या आईला गेटवर गाठलं. आई भडकली. माझ्या लेकीबद्दल शिपाईबाई घाणेरडं बोलते, म्हणून थेट मुख्याध्यापिकांकडे गेली. त्यांनी मलाही बोलावलं. मावशींनी तुम्हाला आधी सांगितलं होतं का, असं विचारलं. मावशी माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "नाही. मला काही माहीत नाही."

मावशी कंत्राटावर होत्या. दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणायला कितीसा वेळ लागतो? जाताना "तिच्या आईला माज्यावर राग धरू द्या, बाई, पन पोरीला दवाखान्यात न्या म्हनावं," एवढंच सांगून गेल्या. तेही मी केलं नाही.

यंदा ती मुलगी सहावीत आहे. तिची आई मध्यंतरी माझ्यासमोर बसून रडली. वर्षभर उंची वाढली नाही म्हणून डॉक्टरांना दाखवलं, तर हाडांची वाढ पूर्ण झालीय, सातव्या-आठव्या वर्षीच आणायला हवी होती, म्हणाले. "त्या मावशी सांगत होत्या हो, मीच ऐकलं नाही." सगळा दोष तिनं स्वतःकडे घेतला आणि मी तिला घेऊ दिला.

त्या रविवारी मी जुईनगरला मावशींचं घर शोधत गेले. पायांवर डोकं ठेवायचं ठरवून गेले होते. दार एका मुलीनं उघडलं. तिच्या तोंडाकडे बघायला मला मान वर करावी लागली. ती त्यांची नात.

आजी मागच्या वर्षीच गेली, म्हणाली. आत बसवलं, पाणी दिलं. मी शाळेतली बाई, हे कळल्यावर तिनं विचारलं, "ती दुसरीतली मुलगी बरी आहे ना? आजी शेवटपर्यंत तिचंच विचारायची. म्हणायची, बाईंनी सांगितलं असणार तिच्या आईला."

तुम्ही काय उत्तर दिलं असतं, ते मला माहीत नाही. मी "हो, बरी आहे" म्हटलं आणि पाणी पिऊन उठले.

सोमवारी प्रार्थनेला हात जोडून ती मुलगी सहावीच्या रांगेत उभी होती. सगळ्यात पुढे, अगदी माझ्यासमोर.