केसपेपरवरचा शेरा

नगर जिल्ह्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात मी बारा वर्षं शिकवते आहे. मध्यंतरी वरून फर्मान आलं, मुलींना ‘सांस्कृतिक जाण’ शिकवा. प्राचार्यांनी लगेच पुण्याहून एक तज्ज्ञ बोलावले.

तज्ज्ञांनी दोन तास स्लाईडी दाखवल्या. हिंदू रुग्ण उपवास करतो, मुस्लिम रुग्ण रोजे धरतो, ख्रिस्ती रुग्णाला फादर लागतो, ग्रामीण रुग्ण भोळा असतो. किराणा दुकानात डाळींचे असतात तसे माणसांचे कप्पे. समोर निम्म्या मुली श्रीरामपूरकडच्या ख्रिस्ती घरांतल्या, बाकीच्या शेतकऱ्यांच्या. आपण कशा आहोत, हे त्या निमूटपणे वहीत उतरवून घेत होत्या.

मग प्रात्यक्षिकासाठी आम्ही सगळे शेजारच्या आमच्याच दवाखान्यात गेलो; तिथं माझीही रोजची फेरी असते. तिथं तिसगावकडची साठीची एक बाई मधुमेहासाठी दाखल होती. नऊवारी, हातात हिरव्या बांगड्या. तज्ज्ञांनी हात जोडले, आवाज चढवला.

“आजी, एकादशी करता ना? उपवास सोडला तरी देव रागावत नाही हं!”

“मी बहिरी न्हाई,” बाई म्हणाली. “आन आमी येशूचे हाय. एकादशी कुठली?”

मुली फिस्सकन हसल्या. तज्ज्ञ ओशाळले नाहीत. तेवढी समज असती तर ओशाळले असते. “मग चाळीस दिवसांचे उपवास?” त्यांनी पुढचा कप्पा उघडला.

बाईनं तोंड फिरवलं. तेवढ्यात पाथर्डीकडची एक विद्यार्थिनी पुढे झाली आणि खाटेच्या कडेला बसली.

“मावशी, गोळी कवा घेता?”

“सकाळी, च्यासंगं. भाकर मंग दुपारीच, कांद्याच्या वावरात. तवर घाम फुटतो, हातपाय कापत्यात. म्हनून सोडली गोळी.”

“मग सांगितलं न्हाई कुनाला?”

“इचारलं कुनी?”

रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळीनं तिची साखर एकदम घसरत होती. मी खाली पाहिलं. खाटेला अडकवलेल्या केसपेपरवर ‘अज्ञानामुळे औषध घेत नाही’ हा शेरा माझ्याच अक्षरात होता. तीन दिवस मी त्या खाटेपाशी येऊन बाईला दटावत होते. स्लाईडी न पाहताच मी तिला भोळ्या रुग्णांच्या कप्प्यात टाकून मोकळी झाले होते.

संध्याकाळी तज्ज्ञांना शाल-श्रीफळ मिळालं. भाषणात त्यांनी हा प्रसंग आपल्या पद्धतीचं यश म्हणून सांगितला. सगळ्यात जोरात टाळ्या प्राचार्यांनी वाजवल्या. त्या मुलीचा उल्लेख कुणीच केला नाही. मीही नाही.

डॉक्टरांनी गोळी बदलली, वेळ दुपारच्या भाकरीशी जुळवली. महिन्यानं बाई तपासणीला आली तेव्हा साखर बरीच उतरली होती. मी रिपोर्ट घेऊन समजावायला लागले, तर तिनं हात करून थांबवलं.

“तुमी ऱ्हाऊ द्या, बाई. त्या पोरीला बोलवा.”

मी वर्गातून तिला बोलावून आणलं. दोघी बाकावर बसून पाऊण तास बोलत होत्या. माझ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही, आणि ते बरोबरच होतं.